जाळीमागचा माणूस

मागच्या सेमिस्टरला आमच्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये एक जुना सायलेन्सर बरेच दिवस पडून होता. ज्याच्या बाईकचा तो होता, त्याने गाडीला "आवाज" यावा म्हणून बाहेरून दुसरा, आतून मोकळा पाइप बसवून घेतला होता. (कोण ते सगळ्यांना माहीत आहे. रात्री अकराला तो मेसच्या कोपऱ्यावरून वळला की तिसऱ्या मजल्यावर झोपलेल्यांनासुद्धा कळतं.) त्याला तो जुना सायलेन्सर नको होता, म्हणून मी उचलला आणि वर्कशॉपच्या मामांना मस्का मारून कटरने उभा कापून घेतला. आत काय असतं ते बघायचं होतं, एवढंच.

आत एक पातळ पत्र्याची गुंडाळी निघाली. नागमोडी पत्रा घट्ट गुंडाळून केलेली, मधमाशांच्या पोळ्यासारखी शेकडो बारीक भोकं असलेली. मामा म्हणाले, हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, गाडीतली सगळ्यात महागडी वस्तू तुझ्या मित्राने भंगारात टाकली. त्या पत्र्यावर अ‍ॅल्युमिनाचा थर असतो आणि त्या थरात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे सोन्याच्या पंगतीत बसणारे धातू अगदी थोडे शिंपडलेले असतात. इंजिनातून येणारा कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स त्या भोकांतून जाताना बरीचशी कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि साधा नायट्रोजन होऊन बाहेर पडतात. विषाची हवा होते. तीसुद्धा एका सेकंदाच्या आत.

हे पहिल्यांदा कोणाच्या डोक्यात आलं असेल, म्हणून लायब्ररीत शोधायला बसलो आणि एक ओळखीचं नाव सापडलं. फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीत "फिक्स्ड बेड कॅटॅलिटिक क्रॅकिंग" ही टीप आपण सर्वांनीच घोकली आहे. आकृती काढा, मार्क मिळवा, विसरून जा. ती पद्धत काढणारा माणूस आणि ही जाळी डोक्यात आणणारा माणूस एकच. यूजेन हूद्री. (आम्ही त्याला "हौड्री" म्हणत होतो. फ्रेंच माणसाच्या नावातला एच मुका असतो हे नंतर कळलं, म्हणजे खरं तर "ऊद्री". पण आता हूद्रीच राहू दे.) एकेकाळी अमेरिकेतल्या तेलवाल्यांत हे नाव सर्वांच्या तोंडी होतं. आज पेट्रोल पंपावर कोणाला विचारा!

त्याचा जन्म 18 एप्रिल 1892 चा, पॅरिसजवळच्या दोमों गावचा. वडिलांचा पोलादाचा कारखाना होता, म्हणजे खाऊनपिऊन सुखी घर. पोरगा शालों-स्युर-मार्न इथल्या "आर्ट्स अँड ट्रेड्स"च्या कॉलेजात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकला आणि 1911 मध्ये वर्गात पहिला येऊन सरकारचं सुवर्णपदक घेऊन बाहेर पडला. वर फुटबॉल टीमचा कॅप्टन, आणि टीम राष्ट्रीय विजेती. अशा मुलांचा आपल्याला वर्गात फार राग येतो. पण एक गोष्ट वाचून मला बरं वाटलं. हा माणूस केमिकलचा नव्हता, मेकॅनिकलचा होता. पुढे आयुष्यभर त्याने केमिस्ट्रीच केली.

1914 साली पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि तो सैन्यात गेला. एप्रिल 1917 मध्ये फ्रान्सने पहिल्यांदा रणगाडे लढाईत उतरवले, त्या तुकडीत हूद्री लेफ्टनंट होता. ते रणगाडे म्हणजे प्रकारच होता. पेट्रोलच्या टाक्या पुढच्या बाजूला, त्यामुळे तोफगोळा बसला की अख्खा रणगाडा पेटायचा. ज्युव्हँकूरच्या त्या लढाईत गोळीबार चालू असताना बंद पडलेले रणगाडे दुरुस्त करायचं काम त्याने लावून धरलं आणि त्यात तो गंभीर जखमी झाला. त्याबद्दल त्याला "क्र्वा द गेर" हे शौर्यपदक आणि पुढे "लेजियन ऑफ ऑनर" हा मोठा मान मिळाला.

युद्ध संपल्यावर घरचा धंदा होताच. पण याला वेड गाड्यांचं, त्यातून शर्यतीच्या गाड्यांचं. 1922 मध्ये तो अमेरिकेत जाऊन फोर्डचा कारखाना आणि इंडियानापोलिसची 500 मैलांची शर्यत बघून आला. त्याच्या लक्षात आलं की इंजिनं भराभर सुधारतायत, पण त्यांत ओतायचं पेट्रोल मात्र मागे पडतंय. कॉम्प्रेशन रेशो वाढवला की पेट्रोल वेळेआधीच फुटतं आणि इंजिन ठोकायला लागतं, ते नॉकिंग. त्या काळी जाड तेलापासून पेट्रोल करायचं म्हणजे नुसती उष्णता आणि दाब देऊन मोठे रेणू तोडायचे. असं शंभर लिटर तेल घेतलं तर चांगलं पेट्रोल पंचवीसच्या आसपास हाती लागायचं.

त्यात फ्रान्सकडे स्वतःचं तेल जवळजवळ नाही. दगडी कोळशाचा गरीब भाऊ लिग्नाइट मात्र होता. प्रुदोम नावाच्या एका केमिस्टने लिग्नाइटपासून उत्प्रेरक वापरून पेट्रोल काढलंय, हे हूद्रीच्या कानावर आलं आणि त्याने पॅरिसजवळ बोशां इथे प्रयोगशाळा काढून त्या कामात उडी घेतली. (कॅटॅलिस्टला मराठीत उत्प्रेरक म्हणतात हे मला हा लेख लिहिताना कळलं. शाळा कॉन्व्हेंटची, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी. उत्प्रेरक म्हणजे लग्न जमवणारे काका. दोन्ही घरांची बोलणी तेच जुळवून देतात, मांडवात त्यांचीच धावपळ, आणि लग्न लागलं की जसे आले तसे आपल्या घरी परत.)

सात वर्षांनी, 1929 मध्ये, दिवसाला 60 टन लिग्नाइट घेणारा कारखाना उभा राहिला. चाललाही. पण हिशेब केला तर पेट्रोल बाहेरून आणलेल्या तेलापेक्षा महाग पडत होतं. सरकारने मदतीचा हात काढून घेतला आणि त्याच वर्षी कारखाना बंद झाला. सात वर्षांची मेहनत गेली. आपला एक विषय राहिला तर आपण आठवडाभर जेवत नाही.

पण या सात वर्षांत त्याच्या हाती दुसरंच काही लागलं होतं. जाड तेलाची वाफ सिलिका आणि अ‍ॅल्युमिना असलेल्या एका प्रकारच्या मातीवरून नेली तर रेणू नीट तुटतात आणि पेट्रोल उत्तम मिळतं, हे त्याला 1927 मध्ये सापडलं. अडचण एकच, पण ती जीवघेणी. थोड्याच वेळात त्या मातीवर काळा कार्बन, म्हणजे कोक, बसायचा आणि तिचं काम थांबायचं. दूध लागलेल्या पातेल्याचा तळ आठवा. आधीच्या लोकांनी इथेच हात टेकले होते, कारण काळा पडलेला उत्प्रेरक म्हणजे मेलेला उत्प्रेरक, फेकून द्या आणि नवीन भरा.

हूद्रीने तो फेकला नाही. त्याने त्यावरून गरम हवा सोडली आणि कोक जाळून टाकला. माती पुन्हा जिवंत! वाचायला किती साधं वाटतं. पण जाळताना उष्णता बेताबाहेर गेली तर मातीच भाजून निकामी होते, म्हणून ती उष्णता सतत काढून घ्यायची सोय हवी. आणि एका भांड्यात पेट्रोल तयार होत असताना दुसऱ्यात कोक जळत असला पाहिजे, म्हणजे कारखाना थांबणार नाही. भांडी आलटून पालटून, दर दहा मिनिटांच्या आसपास व्हॉल्व्ह फिरवत चालवायची. म्हणजे शोध केमिस्ट्रीचा होता, पण तो चालवून दाखवायला मेकॅनिकलवालाच लागला. (केमिकलच्या मित्रांनी क्षमा करावी.)

फ्रान्समध्ये त्याला पाठबळ मिळेना. 1930 मध्ये अमेरिकेच्या व्हॅक्यूम ऑइल कंपनीने बोलावलं, आणि बिऱ्हाड घेऊन तो न्यू जर्सीतल्या पॉल्सबरोला गेला. इथेही नशीब आडवं आलं. जगभर मंदी, त्यात 1931 मध्ये कंपनीचं दुसऱ्या कंपनीत विलीनीकरण. नवीन मालकांना एकट्याने हा खर्च झेपेना. शेवटी 1933 मध्ये सन ऑइल कंपनी भागीदार म्हणून आली. या सन ऑइलची एक गंमत लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. नॉकिंग थांबवायला बाकीच्या कंपन्या पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग, टेट्राएथिल लेड, घालत होत्या. सन ऑइल ते घालत नव्हती. शिशाशिवाय ऑक्टेन वाढवायचा तर पेट्रोलच मुळात चांगलं हवं, आणि ते हूद्रीकडे होतं.

1936 मध्ये पॉल्सबरोला दिवसाला 2,000 बॅरलचं युनिट सुरू झालं आणि 1937 मध्ये पेनसिल्व्हानियातल्या मार्कस हुकला 12,000 बॅरलचं. जिथे आधी पाव हिस्सा पेट्रोल मिळायचं तिथे आता जवळपास निम्मा मिळू लागला. मार्कस हुकच्या कारखान्याबद्दल आपल्या ब्रँचने आणखी एका कारणासाठी अभिमान बाळगावा. कोक जाळताना निघणारे गरम वायू फुकट जाऊ नयेत म्हणून तिथे ब्राउन बोव्हेरी कंपनीचं गॅस टर्बाइन बसवलं होतं आणि त्यावरच हवेचा कॉम्प्रेसर फिरत होता. उद्योगात गॅस टर्बाइन धडपणे वापरलं गेलं त्याच्या पहिल्या उदाहरणांपैकी हे एक. थर्मलच्या पुस्तकात हे का नाही, देव जाणे.

1940 पर्यंत हूद्रीची 14 युनिट्स रोज सुमारे 1 लाख 40 हजार बॅरल तेल घेत होती. दुसरं महायुद्ध पेटलं होतं आणि लढाऊ विमानांना 100 ऑक्टेनचं पेट्रोल हवं होतं. त्यासाठी लागणारा चांगला माल याच युनिट्समधून निघाला. त्याच वर्षी फ्रान्स पडला. जर्मनांशी तह करून विशी इथे मार्शल पेतँचं सरकार बसलं. पहिल्या महायुद्धात पेतँ फ्रान्सचा सेनापती होता आणि हूद्री त्याच सैन्यातला लेफ्टनंट. तरी हूद्रीने उघडपणे पेतँच्या विरुद्ध आणि द गॉलच्या बाजूने उभं राहून अमेरिकेतल्या "फ्रान्स फॉरएव्हर" या संघटनेचं नेतृत्व केलं. 1941 मध्ये विशी सरकारने त्याचं फ्रेंच नागरिकत्व काढून घेतलं. ज्या देशासाठी रक्त सांडलं त्याचाच तो राहिला नाही. जानेवारी 1942 मध्ये तो अमेरिकेचा नागरिक झाला. युद्धात रबराचा तुटवडा पडला, तेव्हा कृत्रिम रबरासाठी लागणारं ब्युटाडाइन ब्युटेनपासून एका पायरीत करायची पद्धतही त्याने दिली.

धंद्यात मात्र तोपर्यंत दुसरे पुढे निघाले होते. हूद्रीच्या पेटंटचे पैसे द्यायचे नाहीत म्हणून मोठ्या तेल कंपन्यांनी एकत्र येऊन स्वतःची पद्धत शोधली. उत्प्रेरकाची भुकटी करायची आणि ती वायूबरोबर पाण्यासारखी वाहती ठेवायची, म्हणजे भांडी आलटून पालटून चालवायला नकोत. पहिलं युनिट 1942 मध्ये लुइझियानात सुरू झालं. आजही जगभर तीच पद्धत चालते, आपल्या मुंबईच्या माहुलच्या रिफायनऱ्यांतसुद्धा. त्यातही काळा पडलेला उत्प्रेरक हवेने जाळून पुन्हा वापरतात. मूळ युक्ती हूद्रीचीच राहिली.

इथे गोष्ट संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. पैसा, मान, सगळं मिळालं होतं. वय 58. या वयात आपल्याकडे लोक निवृत्तीचा समारंभ आणि शाल-श्रीफळ यांच्या तयारीला लागतात.

लॉस एंजेलिसमध्ये 1943 पासून एक विचित्र धुकं पडायला लागलं होतं. डोळे चुरचुरायचे, घसा जळायचा. पहिल्यांदा ते पडलं तेव्हा काही लोकांना जपानने विषारी वायू सोडला असं वाटलं होतं. पुढे हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की हे धुकं मोटारींच्या धुरावर ऊन पडून तयार होतं. म्हणजे न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स. त्या मोटारींत भरलेल्या पेट्रोलमध्ये हूद्रीच्या पद्धतीने निघालेलं पेट्रोल किती असेल याचा हिशेब कोणी मांडला नाही, पण त्याने स्वतः तो मनात मांडला असावा असं मला वाटतं. हा माझा अंदाज. खरं एवढंच की वाढता फुप्फुसाचा कॅन्सर आणि गाड्यांचा धूर यांचा संबंध असेल ही काळजी त्याला लागली होती आणि 1950 च्या सुमारास त्याने "ऑक्सी-कॅटॅलिस्ट" नावाची नवीन कंपनी काढली. यावेळी पेट्रोल करायला नाही, त्याचा धूर निस्तरायला.

युक्ती त्याच्या जुन्या कामातूनच आली होती असं म्हणायला हरकत नाही. आयुष्यभर त्याने उत्प्रेरकावर बसलेला कार्बन हवेने जाळला. आता धुरातलं जे जळायचं राहिलंय ते उत्प्रेरकाच्या मदतीने हवेने जाळायचं. नुसतं जाळायचं तर फार उष्णता लागते, प्लॅटिनम मध्ये असलं की एक्झॉस्टची स्वतःची उष्णता पुरते. चिनी मातीच्या दांड्या, त्यांवर अ‍ॅल्युमिनाचा पातळ थर आणि त्यात प्लॅटिनम, अशी रचना त्याने केली. माझ्या टेबलावरच्या जाळीची ही आजी. त्याचं पेटंट 1956 मध्ये मिळालं. कारखान्यांच्या धुराड्यांत ती चालली. बंद गोदामांत माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टवरही चालली, कारण तिथे कार्बन मोनॉक्साइडने कामगारांच्या जिवावर बेतायचं आणि त्या गाड्यांना शिसं नसलेलं इंधन देता यायचं.

रस्त्यावरच्या मोटारीत मात्र ती मरायची. इथे ते शिसं परत आलं. एव्हाना अमेरिकेतल्या बहुतेक सगळ्या पेट्रोलमध्ये शिसं होतं. ते इंजिनात जळून एक्झॉस्टमधून यायचं आणि प्लॅटिनमवर बसून राहायचं. सगळी जागा अडली की उत्प्रेरक संपला. पहिल्या वेळी उत्प्रेरकावर कोक बसला होता आणि तो जळण्यासारखा होता, म्हणून हूद्री जिंकला. शिसं जाळून जात नाही. त्यावर एकच उपाय होता, पेट्रोलमध्ये ते घालूच नये. तो उपाय प्रयोगशाळेतला नव्हता. तो तेल कंपन्यांच्या, मोटार कंपन्यांच्या आणि सरकारच्या हातात होता, आणि शिशाच्या धंद्यात फार मोठ्यांचे पैसे गुंतलेले होते.

हा भाग वाचताना मला खरंच त्रास झाला. आपण गृहीत धरतो की इंजिनिअरने उत्तर काढलं की प्रश्न सुटतो. इथे उत्तर तयार होतं, पेटंट होतं, गोदामात चालणारं यंत्र होतं, आणि तरी रस्त्यावरची एकही गाडी स्वच्छ होत नव्हती. तो मात्र शेवटपर्यंत उत्प्रेरकांतच रमला. 1959 मध्ये त्याला केमिस्ट्रीतलं मानाचं पर्किन पदक मिळालं, मेकॅनिकलच्या माणसाला! 18 जुलै 1962 रोजी तो गेला, वय 70.

पुढचं सगळं त्याच्या माघारी झालं. अमेरिकेने 1970 मध्ये स्वच्छ हवेचा कडक कायदा केला. तो पाळायचा तर कन्व्हर्टर हवा आणि कन्व्हर्टर जगवायचा तर शिसं नको, म्हणून 1975 च्या मॉडेलपासून गाड्यांत कन्व्हर्टर आले आणि पंपावर बिनशिशाचं पेट्रोल आलं. हूद्रीचा कन्व्हर्टर फक्त जाळायचं काम करत होता. नायट्रोजनची ऑक्साइड्स मोडणारा तिहेरी कन्व्हर्टर सत्तरीच्या दशकाच्या शेवटी दुसऱ्यांनी केला. आपल्याकडे 1 एप्रिल 1995 पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभरात शिशाचं पेट्रोल बंद झालं. गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल विकणारा जगातला शेवटचा देश अल्जीरिया. तिथे ते थांबलं 2021 मध्ये. तेव्हा मी शाळेत होतो आणि असं काही थांबलं हे मला माहीतही नव्हतं.

आता त्या सायलेन्सरचं. गेल्या महिन्यात आमच्या त्या मित्राला नाक्यावर ट्रॅफिक पोलिसांनी पकडलं, दंड केला आणि मूळ सायलेन्सर लावून गाडी दाखवायला सांगितलं. रात्री तो माझ्या रूमवर जुना सायलेन्सर मागायला आला. मी त्याला दोन्ही अर्धे तुकडे दाखवले आणि हूद्रीची सगळी गोष्ट सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि नवीन सायलेन्सर केवढ्याला पडतो ते सांगितलं. निम्मे पैसे मी द्यायचे असं ठरलंय. या महिन्याचं मेसचं बिल त्यामुळे थोडं उशिरा भरणार आहे, रेक्टर सरांनी कृपया नोंद घ्यावी.